रेड्यावरचा खुंट

आमच्या आगाशीच्या घराला दोन वास होते. मागच्या दाराने आत आलं की सुकत घातलेल्या राजेळी केळ्यांचा गोड, किंचित आंबूस वास येई, आणि पुढच्या दाराने आलं की फोटो धुण्याच्या हायपोचा. आईची सुकेळी मागच्या अंगणात मांडवावर उन्हं खात पडलेली असत. आप्पांचा स्टुडिओ पुढच्या खोलीत. मधल्या माजघरात हे दोन्ही वास एकत्र होत आणि आम्ही तिघं तिथेच जेवायला बसत असू. पावसाळ्यात सुकेळी होत नसत, पण वास मात्र भिंतींतून जात नसे. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, कोळणीने दिलेले बोंबील असतील तर त्यांचं आंबट, आणि या सगळ्यावर हायपोची पातळ साय. बाहेरचे लोक आमच्याकडे जेवले की नाक मुरडत. मला अजूनही कुठे बोंबलाचं आंबट खाल्लं की काहीतरी कमी वाटतं, आणि ते काय कमी आहे हे सांगितलं तर लोक हसतील.

आप्पांची पंचक्रोशीत ओळख होती ती त्यांच्या कॅमेऱ्यामुळे नव्हे, पेन्सिलीमुळे. लग्नाला दाखवायच्या मुलीचा फोटो काढायला लोक आले की मुलीची आई निघताना दारात थांबून हळूच म्हणे, "आप्पा, जरा हात फिरवा हां." हात फिरवणं म्हणजे निगेटिव्हवर काम करणं. खिडकीशी आप्पांचं एक उतरतं मेज होतं. त्याच्या मधोमध काच आणि काचेखाली आरसा, म्हणजे खिडकीतला उजेड खालून वर येई. त्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, तिच्यावर राळ आणि टर्पेंटाइनचं पातळ बोट फिरवायचं आणि मग सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने ठिपके देत बसायचं. चेहऱ्यावरचा देवीचा व्रण कागदावर काळा येतो, म्हणजे निगेटिव्हवर तो पांढरा, पारदर्शक असतो. तो भरून काढला की कागदावर नाहीसा होतो. आप्पांनी त्या खिडकीत बसून किती मुलींची लग्नं जमवली असतील देव जाणे. ते म्हणत, "मी खोटं करत नाही रे अरू. देवाचा हात थरथरला तिथे मी धरतो."

मला मात्र चेहऱ्यांचा कंटाळा होता. कॉलेज अर्ध्यावर सोडून मी स्टुडिओत बसलो तेव्हा विशीत होतो आणि मला देखावे काढायचे होते. मुंबईला हौशी फोटोग्राफरांचं प्रदर्शन भरे. तिथे पाठवता येईल असा एक फोटो आपल्या हातून निघावा, एवढंच डोक्यात होतं. आमची माणसं वाडीवाली, केळी आणि पानवेलींकडे बघणारी. समुद्र सायकलीच्या अंतरावर, पण आमच्या घरात कोणी त्याच्याकडे तोंड करून बसलं नव्हतं. मी सायकलवर आप्पांचा जुना पेटी कॅमेरा बांधून अर्नाळ्याच्या पलीकडच्या एका कोळीवाड्याकडे जाऊ लागलो. त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सुरूच्या बनाच्या टोकाला तिथे खडप सुरू होतं. काळा, फुटलेला, धारदार खडक समुद्रात लांबवर पसरलेला, ओहोटीला उघडा पडणारा आणि भरतीला नाहीसा होणारा. त्याच्या शेवटी एक मोठा खडक पाण्यात बसलेला दिसे. पाठ वर, मुंडी खाली. कोळी त्याला रेडा म्हणत. भरती अर्धी झाली की रेडा पाण्याखाली जाई आणि मग तिथे खडक आहे हे फक्त ज्याला ठाऊक त्यालाच ठाऊक.

खडपाचा चांगला फोटो काढणं किती अवघड आहे ते मला तिथे कळलं. डोळ्याला जे रौद्र दिसतं ते कागदावर काळ्या चिखलासारखं येतं. दुपारच्या उन्हात खडकाला कडाच राहत नाहीत. सूर्य कलला की प्रत्येक फटीत सावली भरते आणि दगडाला अंग येतं. आकाश तर आमच्या त्या फिल्मवर नेहमीच कोरं, चुन्याच्या भिंतीसारखं पांढरं येई. यावर आप्पांकडे उपाय होता. बिस्किटांच्या एका डब्यात त्यांनी नुसत्या ढगांच्या निगेटिव्ह जमवून ठेवल्या होत्या. कागदावर आधी किनारा उतरवायचा, आकाशाची जागा पुठ्ठ्याने झाकायची, मग पुठ्ठा काढून तिथे दुसऱ्या निगेटिव्हमधले ढग उतरवायचे. खडक आणखी काळे हवे असतील तर हाताच्या आडोशाने तिथेच जास्त उजेड द्यायचा. डार्करूमच्या लाल दिव्याखाली बशीतल्या पाण्यातून हळूहळू वर येणारा समुद्र मी बघत बसे. आमच्या अंगणावर आलेले ढग कोळ्यांच्या खडपावर जाऊन बसत, आणि ते तिथलेच वाटत. माझी नात परवा फोनवर एका बोटाने फोटोतली माणसं पुसत होती. म्हणाली, "आजोबा, मागचे लोक नकोत ना, किती क्लीन दिसतं बघा." मी उठून आचोळ्याच्या या फ्लॅटच्या गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तिला वाटलं मला जमत नाही म्हणून राग आला.

ज्या फोटोबद्दल लिहायला बसलोय तो नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा. पाऊस उघडला होता, पण समुद्र अजून बसला नव्हता. होड्या वाळूवरच होत्या. मोरू नावाच्या एका कोळ्याने त्या वर्षी नवीन होडी बांधली होती. आदल्या दिवशी तिची पूजा झालेली, पुढच्या टोकाला, नाळेवर, झेंडूची माळ तशीच होती. ती होडी मी चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात घेतली, म्हणजे खडपाचा आकार कळावा. मधोमध खडप, शेवटी रेडा, मागे फुटणाऱ्या लाटा. संध्याकाळी उजेड तिरपा झाला आणि मी बटण दाबलं. घरी निगेटिव्ह धुतली तेव्हाच कळलं की आजवर मी काढलेल्यांत हा सर्वांत चांगला आहे. आप्पांनी प्रिंट उजेडात धरून पाहिली. ते स्तुती करत नसत. बराच वेळ पाहून म्हणाले, "बाकी ठीक आहे. पण ती काठी बोचते."

रेड्याच्या पाठीवर एक खुंट उभा होता. जाड लाकडाचा, थोडा कललेला, टोकाला काळं फडकं आणि खाली लोंबणारा पत्र्याचा डबा. अगदी मधोमध. नजर लाटेकडे जायच्या आधी त्याच्यावर अडके. फोटो काढताना मी तो पाहिलाही नव्हता. कोणी जाळं वाळत घालायला रोवला असेल एवढंच मला वाटलं. पुढचे दोन दिवस पुन्हा आलेल्या पावसाने गिऱ्हाईक नव्हतं. मी आप्पांच्या मेजावर बसलो आणि पेन्सिलीने तो खुंट भरून टाकला. वरच्या भागाला आकाश, खालच्या भागाला लाटेचा फेस. डब्याच्या जागी दोन तुषार दिले. मग ढग घातले. आप्पा मागे येऊन उभे राहिले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी त्याआधी कधी ठेवल्याचं मला आठवत नाही. त्यांनी स्वतः चौकट करवून घेतली आणि फोटो स्टुडिओच्या दर्शनी काचेत, नवरा-नवरींच्या मधे लावला. आगाशीच्या बाजाराला येणारा प्रत्येक माणूस तिथे थांबे. कोळी तर हटकून थांबत, कारण होडी कोणाची ते त्यांना ओळखू येई. मोरू स्वतः येऊन पाहून गेला. "होडी माझी न् फोटो तुजा," तो म्हणाला, "भाडं लागंल हां मना."

त्यानंतर आठवड्याभरात समुद्र बसला आणि होड्या गेल्या. पहिल्याच फेरीहून परतताना, दिवस मावळायच्या वेळेला, मोरूची ती नवी होडी रेड्यावर आपटली. मोरू घरीच होता. होडीवर त्याचे दोन धाकटे भाऊ होते, रामा आणि धर्मा. धर्मा सापडला तो दुसऱ्या दिवशी खडपात. रामा सापडलाच नाही. त्याच्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्या लग्नाचा फोटो आप्पांनीच काढला होता.

हे आमच्या घरात आलं ते जनाबाईच्या तोंडून. जनाबाई आमची कोळीण. आईची आणि तिची मैत्री म्हणावी अशी होती. मागच्या दारी टोपली उतरवून ती अर्धा तास बसे, चहा पिई आणि सगळ्या कोळीवाड्याची बातमी सांगे. त्या दिवशी तिने टोपली उतरवली पण चहा घेतला नाही. तिचा नवरा नथू तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. रेड्यावर खुंट रोवायचा मान त्यांच्या घराण्याचा. दर पावसाळ्यात जुना खुंट लाटांनी मोडून जाई. नारळी पौर्णिमेच्या आधी, ओहोटी बघून, नथूने नवा रोवायचा, काळं फडकं बांधायचं, आणि वाऱ्याने वाजावा म्हणून डबा टांगायचा. त्या डब्याच्या आवाजावर होड्या अंधारातसुद्धा रेडा चुकवत. मगच बाकीच्यांनी नारळ सोडायचा.

"आता बोलतात त्याने यंदा रोवलाच नाय," जनाबाई म्हणाली. "मेवना तापाने पडलेला, त्याच्यासंगती जातो दर वर्साला. म्हनून हा आलस करून बसला बोलतात. बाय, तो गेलता. कालोखात उठून गेलता. मी भाकर बांधून दिली त्याला."

"कोणी पाहिलं असेल की खुंट," आई म्हणाली.

"बगलाय की. चार जनांनी बगलाय. पन आता बोलतात, बगला तो गेल्या वर्सीचा का यंदाचा, कोन जाने. तुमच्या काचेतला फोटो हाय ना, त्याच्यात नाय बोलतात."

मी माजघरात होतो. आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आईला फोटोतलं काही कळत नसे, पण माझं तोंड तिला कळे. रात्री पानं मांडली तेव्हा तिने आप्पांना सरळ विचारलं आणि आप्पांनी सरळ सांगितलं. मग ते माझ्याकडे वळले. त्यांचं बोलणं मला शब्द न् शब्द आठवतं, कारण ते रागाने बोलत नव्हते. वसईच्या कोर्टात एका जमिनीच्या भांडणात त्यांनी काढलेले बांधाचे फोटो पुरावा म्हणून लागले होते. पंचनाम्याला पोलीस त्यांनाच बोलावत. "चेहऱ्याला हात फिरवतो हे लोकांना माहीत आहे, त्यांनाच ते हवं असतं," ते म्हणाले. "पण जागेच्या फोटोत आपण काडी हलवतो असं एकदा झालं, तर या घरातून निघालेल्या एकाही फोटोला अर्थ राहणार नाही. आपण होऊन काही बोलायचं नाही. विचारलं तर बघू." आई म्हणाली, "आणि त्या माणसाचं काय?" आप्पा म्हणाले, "खुंट नसल्यामुळे कोणी फाशी देत नाही." आईने त्या रात्री आमटी पुन्हा वाढली नाही.

बाराव्या-तेराव्याचे विधी आटोपल्यावर कोळीवाड्यात देवळापुढे पंच बसले. मोरू दोन माणसं घेऊन आमच्याकडे आला आणि काचेतली चौकट उतरवून देण्याची विनंती केली. विनंतीच होती, त्याचे डोळे सुजलेले होते. "तू पन चल रे," तो मला म्हणाला, "तूच काडलाय." आप्पा गल्ल्यापाशी उभे होते. मी चौकट फडक्यात गुंडाळून त्यांच्याबरोबर बैलगाडीतून गेलो.

पंचांसमोरचा प्रश्न साधा होता आणि सगळ्यांना ठाऊक होता. होडी आपटली तेव्हा रेड्यावर खुंट नव्हता, एवढं नक्की. खुंट रोवल्यावर तो लाटेने मोडला असेल, तर तो दर्याचा दोष. मग नथूला कोणी काही म्हणणार नव्हतं; गावाने मिळून दुसरा रोवला असता. खुंट रोवलाच नसेल, तर रामा आणि धर्मा नथूच्या आळसाने गेले. पंचांत सर्वांत वयस्कर होते त्यांना मोठे बाबा म्हणत. त्यांनी नथूला विचारलं, "संगती कोन व्हता तुज्या?"

नथू उंच, हाडापेराने मोठा. त्याने एकदा बायका बसल्या होत्या त्या बाजूला पाहिलं. मग म्हणाला, "कोन नाय. येकटाच गेलतो."

"येकट्याला खुंट लावाला जमतो काय रेड्यावर?" मोरू म्हणाला. "होडी धराला दुसरा माणूस नको? लाट काय तुज्या बापाची हाय, थांबंल?"

"लावला," नथू म्हणाला. "देवाशप्पत लावला."

मग चौकट सोडली आणि देवळाच्या पायरीवर टेकवली. लोक पुढे सरकले. होडी दिसत होती, माळ दिसत होती, म्हणजे नारळी पौर्णिमा झालेली होती. रेडा दिसत होता आणि त्याच्यावर स्वच्छ आकाश होतं. ज्यांनी आधी खुंट पाहिल्याचं सांगितलं होतं त्यांतला एक जण बराच वेळ वाकून बघत राहिला आणि मग म्हणाला, "मना वाटलं मी बगलाय." त्याला आता स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा वाटेना. मोठ्या बाबांना मात्र फोटोवाल्यांचे धंदे ठाऊक होते. त्यांच्या सुनेचा फोटो आमच्याकडेच झाला होता. त्यांनी मला जवळ बोलावलं. "पोरा, तुज्या बापाचा हात फिरतो ते आमाला म्हाइत हाय. ह्याला हात फिरवलास का?"

तेव्हा मी खरं बोलू शकलो असतो. कोणी मला मारलं नसतं. मोरूने कदाचित शिवी दिली असती. मी म्हणालो, "बाबा, समुद्राला काय देवी आल्या होत्या, हात फिरवायला?"

लोक हसले. दोन माणसं मेलेल्या गावात, तेराव्यानंतर, लोक पहिल्यांदा हसले असतील. मोठे बाबाही हसले आणि त्यांनी मान डोलावली. ते वाक्य मी गाडीत बसून तयार केलेलं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि इतकं चांगलं आलं की त्या क्षणाला मला बरं वाटलं. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण एवढी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी घाबरलो होतो. मी घाबरलो नव्हतो. मला लोक हसले ते आवडलं.

नथू पुढे आला. त्याने चौकटीच्या काचेवर बोट ठेवलं, बरोबर त्या ठिकाणी जिथे मी पेन्सिलीने आकाश भरलं होतं. एका केसाचंही अंतर नव्हतं. "हितं व्हता," तो म्हणाला आणि बोट तसंच ठेवून उभा राहिला, शेवटी मोरूनेच त्याचा हात धरून बाजूला केला.

पंचांनी खुंटाचा मान दुसऱ्या घराला दिला. नथूच्या होडीवर कोणी खलाशी म्हणून यायला तयार होईना. रामा-धर्माच्या नावाने त्याच्या अंगणात रात्री दगड पडत. त्याने होडी विकली आणि सातपाटीकडे दुसऱ्याच्या होडीवर साधा खलाशी म्हणून गेला. पुढे तिकडेच दारूत आणि खोकल्यात संपला. जनाबाई मात्र आमच्या मागच्या दारी येत राहिली. एकदा मी समोर आलो तेव्हा तिनेच मला म्हटलं, "तुजा काय दोस रे बाबा, तुना दिसला ते काडलास." आई चुलीपाशी बसली होती. त्यानंतर जनाबाई आली की आई सुकेळ्यांची अख्खी पुडी तिच्या टोपलीत टाकी, आणि जनाबाई "आज काय सण हाय बाय?" म्हणून हसे. आई माझ्याशी बोलत असे, वाढत असे, आजारपणात उशाशी बसत असे. पण स्टुडिओत तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही. आप्पा जेवायला आत यायचे तेव्हा ती त्यांचं ताट ठेवून मागच्या अंगणात जाई. तो फोटो मी मुंबईला पाठवला. हो, पाठवला. त्याला बक्षीस मिळालं, आणि परीक्षकांनी लिहिलं की माणसाचा स्पर्श नसलेल्या किनाऱ्याचं गांभीर्य यात आहे. तो कागद आप्पांनी काचेत लावला.

आप्पा गेले, आई गेली, स्टुडिओ रंगीत झाला आणि मग बंद झाला. गेल्या वर्षी घराची विक्री ठरली तेव्हा माळ्यावरचे डबे मी इथे आणले. खुंटाची निगेटिव्ह त्यात होती. टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवून मी ती पुसली. पेन्सिल सुटून आली आणि खुंट जिथल्या तिथे निघाला, फडक्यासकट, डब्यासकट. नातीकडून मी त्याची मोठी प्रिंट करून घेतली. जनाबाई केव्हाच वारली होती. तिची मुलगी कमळी त्या वेळी बारा-तेरा वर्षांची असेल. आता ती माझ्यासारखीच म्हातारी आहे आणि आगाशीच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसते, हे मला ठाऊक होतं. किती वर्षं मी त्या बाजूने जात नव्हतो.

तिच्या शेजारी, टोपलीला टोपली लावून, दुसरी म्हातारी बसली होती. दोघींमध्ये एकच छत्री होती. कमळीने प्रिंट हातात घेतली, डोळ्यांशी धरली, आणि मी सगळं सांगेपर्यंत तशीच धरून ठेवली. मग तिने प्रिंट शेजारणीला न दाखवता पदराखाली घेतली. "ही कोन माहीत हाय?" ती हळूच म्हणाली. "रामाची बायको." मी त्या दुसऱ्या म्हातारीकडे पाहिलं. "माजी आय मेल्यावर हीच येऊन बसली माज्या घरात," कमळी म्हणाली. "बोलली, जाऊ दे, तुजा बाप गेला, माजा नवरा गेला. तवापासून संगती बसतो." मग ती म्हणाली, "मना सांगून काय? नारली पुनवेला देवलात ये. सगल्यांसमोर सांग, माजा बाप खोटं बोलला नाय."

मी गेलो. देवळापुढे आता सिमेंटचा मंडप आहे, स्पीकर आहे. रेड्यावर आता दिवा असलेला खांब आहे. खुंटाची गरज कोणाला उरलेली नाही. मंडळाचा अध्यक्ष तिशीतला होता. "काका, थोडक्यात हां," म्हणत त्याने माइक दिला. मी सांगितलं, पंचांपुढे काय म्हणालो तेही सांगितलं. या वेळी कोणी हसलं नाही. प्रिंट हातोहात फिरली. पोरांनी तिचे फोनवर फोटो काढले. मग मागून एक मुलगा बोलला. उद्धटपणे नाही, खरंच विचारत होता.

"पण आजोबा, यातला खरा कुठला? आता खुंट काढता येतो तसा टाकता पण येतो ना. ॲपमधी दोन मिनिटांचं काम हाय."

दोन-चार जणांनी माना हलवल्या. निगेटिव्ह मी खिशात आणली होती, पण तिच्याकडे बघून त्यांना काय कळणार होतं. माझा शब्द होता, आणि तो मी याच देवळापुढे आधीच वापरून टाकला होता.

तेव्हा बायकांच्या बाजूने कमळी उठली. तिला माइक नको होता. "खुंट लावला व्हता," ती म्हणाली. "मी व्हते. मामाला ताप व्हता म्हनून बानी मना उठवली. रेड्यापाशी होडी मी धरली, दोरी मी धरली. बा एवडंच खोटं बोलला, येकटा गेलतो बोलला. मना बोलला, कमले, तू कंदी बोलू नको, पोरगी होडीवर चडवली बोलतील. मी नाय बोलले आजपरत."

तरुण पोरं एकमेकांकडे बघत होती. त्यांच्यातल्या अर्ध्यांना यात विशेष काय ते कळलं नव्हतं. पुनवेआधी बाईचा पाय होडीला लागला की दर्या कोपतो, असं मानणाऱ्यांना मात्र कळलं. रामाची बायको कमळीच्या शेजारीच बसली होती. तिने वर पाहून विचारलं, अगदी हळू, "होडीवर बाई गेली व्हती? पुनवेच्या आधी? रेड्यावर?"

"मी पोर व्हते गो," कमळी म्हणाली.

रामाच्या बायकोने आपली पिशवी उचलली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मंडपातून बाहेर पडली. कमळी तिच्यामागे दोन पावलं गेली आणि थांबली.

पुढच्या आठवड्यात मी बाजारात गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. काहीतरी विकत घ्यावं असं वाटलं. रामाची बायको तिच्या जागेवर होती, छत्रीखाली. कमळी ओळीच्या दुसऱ्या टोकाला, नाल्याच्या बाजूला, उन्हात बसली होती. मी बोंबील मागितले. तिने ते कागदात बांधले, माझ्याकडे न बघता.

"मी तिला भेटून सांगतो," मी म्हणालो. "तुझा काही दोष नव्हता म्हणून सांगतो."

"नको," कमळी म्हणाली. "तुजं सांगून झालं ना? मग जा घरी."